बोंड्याची अचानक तपासणी

५ जानेवारी २०२५, रविवार

भावना आज अकोल्याहून आली आणि जाताना कुत्रा ठेवून गेली. भावना म्हणजे माझी एकुलती एक मुलगी, तिकडे शाळेत शिकवते. (वाचणाऱ्याला उलटून काही विचारावं लागू नये अशी नोंद लिहायची, ही नोकरीतली सवय. वाचणारं कुणी नाही ही गोष्ट वेगळी.) म्हणाली, सोसायटीवाले कटकट करतात, तुम्ही सांभाळा. चार महिन्यांचं पिल्लू आहे. रंग आलूबोंड्यासारखा, म्हणून माझ्या नातीनं, मायानं, नाव ठेवलंय बोंड्या. जावई सांगतात लॅब्रॉडॉर आहे. मी एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची चौदा तिकीट तपासणी पथकात. खरं काय न् खोटं काय, ते मला लांबून कळतं. हे लॅब्रॉडॉर नाही.

प्रश्न असा की सोसायटी चालू देत नाही हे माहीत असताना कुत्रा आणलाच कशाला? माझ्या बायकोला, ललिताला, जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून भावनाचं एकच पालुपद, बाबा, अमरावतीचं घर विका आणि आमच्याकडे या. मी ऐकत नाही. आणि आता हे. कुठंतरी पाणी मुरतंय.

७ जानेवारी, मंगळवार

दोन दिवसांतलं नुकसान: सोफ्याचा कोपरा, मोबाइलच्या चार्जरची वायर, माझी उजवी चप्पल. डावीला हात लावला नाही. म्हणजे जोड निकामी करायला एक पुरते, एवढी अक्कल आहे.

चावे: माझ्या हातावर सहा, वच्छलाच्या पदराला दोन. वच्छला सात वर्षांपासून आमच्याकडे धुणंभांडी, पोळ्या करते. नाकावर टिचकी मारली तर त्याला तो खेळ वाटला आणि दुप्पट जोरानं अंगावर आला. संध्याकाळी खात्री करावी म्हणून त्याच्या तोंडापुढे बोटं नाचवून पाहिली, चावतो का. चावला. तीनदा नाचवली, तीनदा चावला. जात्याच वाईट आहे.

भावनाचा फोन आला. पहिला प्रश्न, "आज काय फाडलं बाबा त्यानं?" आणि हसत होती. सगळं सांगितलं. फोन ठेवल्यावर पाहिलं, बावीस मिनिटं झाली होती. एवढी बारीकसारीक माहिती तिला कशाला हवी?

९ जानेवारी, गुरुवार

एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात आली. तो फक्त माझ्या वस्तू नेतो. दाराशी वच्छलाच्याही चपला असतात, त्यांना तोंड लावत नाही. टीपॉयवरच्या पेपरला लावत नाही. माझी टोपी, माझा मफलर, माझ्या चष्म्याचा डबा. तेही मी बाहेर गेलो की. हा योगायोग नाही. कुणीतरी शिकवल्याशिवाय जनावर असं करत नाही.

वच्छलाला विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या वासाच्या वस्तू नेते भाऊ. तुमी गेले का त्याले करमत नाई."

आरोपीची वकिली करणारी माणसं मला पटत नाहीत. ही एवढी बाजू का घेते?

उद्यापासून अचानक तपासणी. पथकात आमची पद्धत होती. कंडक्टरला वाटायचं, साहेब स्टँडवर असतील. आम्ही धारणीची गाडी सेमाडोहच्या पुढे, वळणावर धरायचो. आज सकाळी, उद्या दुपारी, परवा मुळीच नाही, तेरवा दोनदा. आपण कधी येणार याचा समोरच्याला पत्ता लागू द्यायचा नाही, अर्धं काम तिथंच होतं. इथंही तसंच करायचं. चप्पल वाजवत पुढच्या दारानं निघायचं, मोठ्यानं कुलूप लावायचं, गल्लीला वळसा घालून मागच्या दारानं आत यायचं. कधी पाच मिनिटांनी, कधी चाळीस.

११ जानेवारी, शनिवार

तीन तपासण्या. पहिली दहा मिनिटांनी: काही नाही, नुसता दाराशी उभा. दुसरी पस्तीस मिनिटांनी: मफलर तोंडात, रंगेहाथ. पेपरची गुंडाळी करून दोन फटके दिले. तिसरी पाच मिनिटांनी: दाराच्या खालच्या फळीवर नखांचे ओरखडे. नवीन.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

शेजारचे महादेवराव तिळगूळ घेऊन आले. म्हणाले, "गोड बोला भाऊ. आता दिवसभर आवाज येते तुमचा. वर्षभर तं घराले कुलूप हाये असंच वाटे."

मी म्हटलं, "आवाजाचा त्रास होत असेल तर सांगा."

"छ्या! त्रास कायचा? बरं वाटते."

ज्याला शेजारच्या कुत्र्याचा त्रास होत नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. भिंतीवरून हाडकं टाकत असणार. लक्ष ठेवलं पाहिजे.

बोंड्याचा नवा प्रकार: मी चपलेकडे हात नेला की झेप घालून पायजम्याचा पाय धरतो. सोडत नाही. आज पायजमा गुडघ्यापर्यंत टरकला. मला घराबाहेर पडू द्यायचं नाही, असा याचा सरळ अर्थ होतो. म्हणजे मी कंटाळून घर सोडावं. भावनाच्या पालुपदाशी हे बरोबर जुळतं.

फोनवर तिला पायजम्याचं सांगितलं. ती इतकी हसली की मलाही हसू आलं. लगेच आवरलं.

१८ जानेवारी, शनिवार

तपासण्या दिवसाला सहावर नेल्या. नुकसान कमी होण्याऐवजी दुप्पट झालं. खोलीचा पडदा गेला. दाराची फळी एका कोपऱ्यात कुरतडली. मी आत आलो की आता तो आधी अंगावर उडी घेतो, मनगट धरतो, मग टेबलाखाली जाऊन बसतो. स्वतःहून लपतो, म्हणजे अपराध माहीत आहे.

तपासणी वाढवली आणि गुन्हे वाढले, असं नोकरीत कधी झालं नव्हतं. झालंच तर त्याचा अर्थ एकच असायचा, आतलं कुणीतरी सामील आहे.

२० जानेवारी, सोमवार

त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉ. ज्योत्स्ना, वय फार तर तीस. तिनं त्याचं तोंड उघडून पाहिलं. दुधाचे दात पडतायत, हिरड्या शिवशिवतात, चावणार नाही तर काय करेल, म्हणे. गाजर थंड करून द्या, जुन्या टॉवेलला गाठ मारून, ओला करून चघळायला द्या. हाताला तोंड लावलं की ओरडायचं नाही, मारायचं नाही, उठून पाठ फिरवायची. खेळ तिथंच बंद. सकाळ-संध्याकाळ दमेपर्यंत फिरवा, दुपारी झोपू द्या.

मग तिनं विचारलं, "घरातल्या माणसांची येण्याजाण्याची वेळ ठरलेली आहे का काका? तुम्ही कधी याल हे त्याला कळत नसेल तर तो तुम्ही गेल्या क्षणापासून घाबरतो."

मी म्हटलं, "वेळ मी मुद्दामच ठरवत नाही." ती माझ्याकडे पाहत राहिली.

एकही औषध लिहिलं नाही. औषध न लिहिणारा डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. घरी येऊन वच्छलाला सगळं सांगितलं. म्हटलं, गाजर खायला द्यायला तो काय ससा आहे? तिनं मात्र टॉवेलचं नीट विचारून घेतलं.

२३ जानेवारी, गुरुवार

आज वाईट झालं. मी मागच्या दारानं तपासणीला आलो, हातात पेपरची गुंडाळी होतीच. मला पाहून तो उधळला. नेमकी वच्छला वाकून फरशी पुसत होती. तो तिच्या अंगावरून पळायला गेला, तिनं त्याला धरलं आणि तो तिच्या हाताला कडकडून चावला. रक्त आलं. नळाखाली साबणानं हात धुवायला लावला आणि ऑटोनं सरकारी दवाखान्यात नेलं. पहिलं इंजेक्शन झालं, पुढची तारखेप्रमाणे घ्यायची.

बोंड्याचे सगळे डोस झालेले आहेत, तरी ऑटोत मला घाम सुटला होता. वच्छलाच मला म्हणाली, "घाबरू नका भाऊ. त्यानं मुद्दाम नाई केलं. तुमी अशे भुतासारखे मागून येता, तं कोणीबी दचकीन."

दोष माझ्यावर ढकलण्याची ही रीत मला माहीत आहे. पण वाईट वाटलं, हेही लिहून ठेवतो.

२५ जानेवारी, शनिवार

तपकिरी स्वेटर गायब. ललितानं विणलेलं शेवटचं. घरभर शोधलं, नाही. वच्छला हाताला पट्टी बांधून कामाला आली होती, तिची पिशवी ओट्याखाली. ती अंगणात गेली तेव्हा मी पिशवी उघडली. दवाखान्याचा कागद, भाकरीचा डबा आणि एक जुना टॉवेल. गाठ मारलेला आणि ओला.

मी टॉवेल हातात घेऊन उभा असताना ती दारात आली. मी म्हटलं, "हे काय आहे? त्याला काय काय शिकवतेस माझ्यामागे?"

तिनं टॉवेल माझ्या हातातून घेतला, ओट्यावर ठेवला. पिशवीला गाठ मारली. चपला घातल्या आणि गेली. भांडी तशीच पडली आहेत.

उत्तर न देणं म्हणजे कबुली, असं आम्ही अहवालात लिहायचो.

२६ जानेवारी, रविवार

स्वेटर सापडलं. माझ्याच पलंगाखाली, भिंतीच्या कडेला. बाही चघळलेली, आणि त्यावर त्याचे पिवळे केस. तिथंच झोपत असणार.

वच्छला आली नाही. कुत्र्यामुळे गेली, दुसरं काय. भावनाला फोन केला, पुढच्या रविवारी येऊन घेऊन जा, नाहीतर मी सोडून देईन. ती मग म्हणाली, "ठीक हाये बाबा." धामणगाव रेल्वे या गावी जावयाच्या ओळखीचे नत्थुजी आहेत, त्यांना कापसाच्या गोडाऊनवर कुत्रा हवाच आहे.

मी स्वतः नत्थुजींशी बोललो. चावतो, हे आधीच सांगितलं, नंतर तक्रार नको. ते खूश झाले. "चावते ना? मंग तं पायजेच. साखळीनं बांधून ठेवतो. दोन-तीन दिवस उपाशी ठेवला का अजून तेज होते."

योग्य जागा मिळाली म्हणायचं. फोन ठेवल्यावर चहा केला, तो प्यावासा वाटला नाही.

२९ जानेवारी, बुधवार

रविवारी भावनासमोर पुरावा असावा म्हणून आज जुना मोबाइल शोकेसमध्ये रेकॉर्डिंग लावून ठेवला. वच्छला तर आता येत नाही. म्हणजे महादेवराव तरी सापडतील, असा हिशेब होता. नेहमीप्रमाणे पुढच्या दारानं गेलो, अकरा मिनिटांनी मागच्या दारानं आलो. दुपारी बसून पाहिलं.

जे दिसलं ते लिहितो. काही गाळत नाही.

मी दार लावलं तसा तो दाराशी गेला. मागच्या पायांवर उभा राहून फळी ओरबाडली. खिडकीशी गेला, परत दाराशी आला. रडला. मी एवढा वळसा घालून जात होतो आणि आत हा रडत होता, ते गल्लीत ऐकू येत नाही. मग खुंटीखालच्या खुर्चीवर चढला. ती खुर्ची मीच तिथं ठेवतो, मोजे घालायला. माझा सदरा ओढून काढला, दारापर्यंत फरफटत नेला, त्यावर बसला आणि बाही तोंडात धरून चघळू लागला. डोळे दारावर. कुणी हाडूक टाकलं नाही. कुणी आलं नाही. सहा मिनिटं नुसता दाराकडे पाहत होता.

मग मागचं दार वाजलं. त्याचे कान उभे झाले, शेपटीबरोबर अख्खं अंग हलायला लागलं, धावत निघाला. आणि मी चित्रात आलो. हातात गुंडाळी. तो जागीच फरशीला चिकटला आणि मुतला.

मी काय काय ओरडत होतो ते लिहीत नाही. त्या माणसाचं तोंड मी आज पहिल्यांदा पाहिलं. मलाच त्याची भीती वाटली.

धारणीच्या गाडीवरचा एक कंडक्टर आठवला. मी वर चढलो की त्याच्या हातातून तिकिटं गळायची. प्रत्येक वेळी सगळी तिकिटं बरोबर निघाली, तरी प्रत्येक अहवालात मी लिहिलं, हात थरथरत होते, संशयास्पद. त्याची दोनदा बदली झाली. हात कशानं थरथरत होते, हे मी चौदा वर्षांत एकालाही विचारलं नाही.

संध्याकाळी बोंड्याला पुढच्या दारानं फिरायला नेलं. परत आल्यावर त्यानं हाताला तोंड लावलं. मी उठून पाठ फिरवली. तो समोर आला, परत पाठ फिरवली. चौथ्यांदा तो नुसता खाली बसला. वच्छलाचा टॉवेल ओला करून दिला, पाऊण तास चघळत होता.

३१ जानेवारी, शुक्रवार

वच्छलाच्या घरी गेलो. सात वर्षांत पहिल्यांदा. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. उठली, पाणी दिलं. मी म्हटलं, "कुत्रा रविवारी जातो आहे. तू परत ये."

ती म्हणाली, "मी काई कुत्र्यापायी गेली नाई भाऊ."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"सात वर्स झाली मले तुमच्या घरी. वहिनी हॉस्पिटलात होत्या तवा कपाटाच्या चाब्या माह्या कमरेले होत्या. कदी चमचा इकडचा तिकडं नाई झाला. आन् तुमी माही पिशवी उघडली? तो मुका जीव चावला तं त्याचं दुखणं चार दिवसांचं. हे नाई भरत लवकर."

माफी मागायची मला सवय नाही. तरी मागितली, "चुकलो" म्हटलं. ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "येईन मी. पण तुमी घरी असतानी नाई. दहा ते अकरा तुमी बाहेर जायचं. चाबी माह्याजवळ राहीन. आन् मंधात पाहाले यायचं नाई." आणि दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "त्याले कायले धाडता गोडाऊनवर? तो तुमच्याबिगर मरून जाईन."

२ फेब्रुवारी, रविवार

भावना सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरली, ऑटोनं घरी आली. एकटीच. बोंड्यानं तिचा पदर धरला, तिनं सोडवला नाही. म्हणाली, "नत्थुजीले फोन करते बाबा. बारापर्यंत पिकअप पाठवतीन."

"करू नको," मी म्हटलं. "तो कुठं जात नाही. केस त्याच्यावर नव्हतीच. माझ्यावर होती." तिला रेकॉर्डिंग दाखवलं. शेवटचा भाग लागला तेव्हा मी स्वयंपाकघरात गेलो.

परत आलो आणि जे महिनाभर या वहीत लिहितो आहे ते तिला तोंडावर विचारलं. "हा कुत्रा तू मुद्दाम पाठवलास की नाही? मी कंटाळून घर विकावं म्हणून?"

ती आधी हसली, मग तिचे डोळे भरले. "मुद्दाम तं पाठवला बाबा. सोसायटीची गोष्ट खोटी होती, तिथं चार कुत्रे हायेत. आई गेल्यापासून तुमी फोनवर तीनच गोष्टी बोलत होते. जेवलो. बरा हाये. ठेवतो. दीड वर्स. मले रोज वाटे, एखाद्या दिवशी फोन उचलणारच नाई तुमी. हा आला तवापासून तुमी मले वीस-वीस मिनिटं शिव्या देऊन राहिले त्याच्या नावानं. मी शाळेतून आली का पयले तेच ऐकाले फोन करो. मायानं दोन दिवस जेवण सोडलं होतं याच्यासाठी, तरी तिले समजावलं, आबाले गरज हाये."

डाव होता, हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. तेवढं माझं बरोबर. मी तिला ते सांगितलं आणि सांगता सांगता मला रडू आलं, तिच्यासमोर, ललिता गेली तेव्हाही आलं नव्हतं तसं. बोंड्या मध्ये घुसून दोघांचे हात चावू लागला. आम्ही दोघांनीही उठून पाठ फिरवली.

नत्थुजींना मीच फोन केला. ते नाराज झाले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वच्छला आली. चावी तिच्या हातात दिली आणि बरोबर दहाला पुढच्या दारानं निघालो. बोंड्यानं पायजमा धरला, पण टॉवेल दिल्यावर सोडला. कॉलनीच्या बागेत जाऊन बसलो. अकराला परत, हे त्यालाही सांगून आलो होतो, समजलं असो नसो.

दहा-वीसपर्यंत ठीक होतं. मग मनात येऊ लागलं. तो पुन्हा तिला चावला तर? ती चिडून त्याला मारत असेल तर? पलंगाखालचं स्वेटर? कपाट उघडंच राहिलं का? एकेक शंका येते आणि खरीच वाटते. दहा-पस्तीसला उठलो. पाय आपोआप गल्लीला वळसा घालून मागच्या फाटकाशी गेले. कडीवर हात ठेवला. आतून वच्छलाचा आवाज येत होता, ती त्याला काहीतरी सांगत होती. काय सांगते ते ऐकावं म्हणून मी श्वास रोखला.

मग हात काढून घेतला आणि बागेत परत जाऊन बसलो. अजून पंधरा मिनिटं होती. चौदा वर्षांत वळणावर गाड्यांची वाट पाहत उभा राहिलो, पण एवढा वेळ कधी लागला नव्हता. अकरा वाजता पुढच्या दारानं घरी गेलो.